घासलेला क्रँक आणि एक थाऊचा खेळ

‘क्रँक ग्राइंड करून मिळेल का?’ असं विचारत मी प्लास्टिकच्या पिशवीतला, माझ्या जुन्या बजाज चेतक स्कूटरचा तो चार-पाच चहाच्या डागांसारखा काळपट पडलेला लोखंडी गोळा बाकड्यावर ठेवला, तेव्हा लेथवाले अण्णा आधी पिशवीकडे बघून हसले आणि मग माझ्याकडे बघून. ‘मालक, ट्रॅक्टरचा आणलाय का? चेतकचा क्रँक कुणी ग्राइंड करतंय का हो!’

सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या बाजूला असे लेथचे गाळे आहेत. तिथं मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच वाक्यात ऐकू येतात. अण्णांनी हसून घेतलं, चहा मागवला आणि मग समजावून सांगितलं. त्यांनी सांगितलेलं आणि नंतर दोनदा स्वतः इंजिन खोलून कळलेलं, असं दोन्ही इथं मांडतोय.

अण्णा हसले त्याचं कारण असं. क्रँक म्हणजे पिस्टनचं वरखाली होणं फिरण्यात बदलणारा इंजिनातला दांडा. ट्रॅक्टरचा किंवा मोटारीचा क्रँक सहसा एकसंध असतो. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड जिथं बसतो ती गोल जागा घासली की ती मशिनवर आणखी थोडी बारीक करून पुन्हा गुळगुळीत करतात. मग त्या बारीक मापाचे, म्हणजे दहा थाऊचे, वीस थाऊचे, बेरिंगचे पत्रे घालतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. आपल्या गावात सूत म्हटलं की आधी धागाच आठवतो, पण लेथवाल्याचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग आणि त्यात सव्वाशे थाऊ मावतात. क्रँकच्या कामात सुताला कुणी विचारत नाही, तिथं सगळा हिशेब थाऊचा.

टू-स्ट्रोक स्कूटरचा क्रँक मात्र एकसंध नसतो. त्याचे तुकडे असतात. दोन जाड लोखंडी चकत्या, प्रत्येकीला बाहेरच्या बाजूनं एक दांडा. दोन्ही चकत्यांना जोडणारी बोटभर जाड पिन, मधोमध नाही तर कडेला. त्या पिनेवर सुयांसारखे बारीक रोलर पिंजऱ्यात बसवलेले आणि त्या रोलरांवर कनेक्टिंग रॉडचं मोठं तोंड. पिन चकत्यांच्या भोकांमध्ये प्रेसनं दाबून घट्ट बसवलेली असते. ना नट, ना बोल्ट, ना वेल्डिंग. भोक पिनेपेक्षा अगदी थोडं लहान ठेवलेलं असतं, काही शतांश मिलिमीटरनं, आणि त्या घट्टपणावरच सगळा क्रँक उभा असतो.

एवढी भानगड कशासाठी? ऑइलसाठी. ट्रॅक्टरच्या इंजिनात पंप असतो, तो दाबानं ऑइल बेरिंगपर्यंत पोचवतो. साध्या पत्र्याच्या बेरिंगला ऑइलची अशी सतत धार लागते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी ऑइलनं भरून ठेवता येत नाही, कारण पेट्रोल आणि हवेचं मिश्रण वर सिलिंडरात जाण्याआधी त्याच पेटीतून जातं. म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात आणि जाता जाता त्यातलं जे काही पिनेवर, रोलरवर, सिलिंडरच्या भिंतीवर चिकटेल तेवढ्यावर इंजिन चालतं. एवढ्याशा ऑइलवर फिरणारे रोलरच टिकतात, पत्रा टिकत नाही. आणि रोलर घालायचे तर रॉडचं तोंड अखंड गोल हवं. अखंड गोल तोंड एकसंध क्रँकवर चढवणार कसं? म्हणून क्रँकच तोडून जोडायचा.

चेतकला पेट्रोलच्या लिटरमागे २० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल सांगतात. सोलापूर ते तुळजापूर अंतर साधारण ४५ किलोमीटर. गाडी बरी असेल तर एवढ्यासाठी लिटरभर पेट्रोल लागतं. म्हणजे आईच्या दारात पोचेपर्यंत पिस्टन, रॉड, पिन आणि बेरिंगं यांच्या वाट्याला मिळून ऑइल येतं ते चहाचे चार चमचे. त्यातलंही बरंचसं जळून सायलेन्सरातून निघून जातं.

क्रँक म्हणजे काय हे मला लहानपणी गॅरेजमध्ये नाही, यंत्रमागावर कळलं. वडील जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते. मागाच्या पोटात एक आडवा क्रँक असतो, तो फिरतो आणि त्याला जोडलेले दोन हात फणी पुढे-मागे करतात. फिरण्याचं हलणं करायचं, एवढंच क्रँकचं काम. स्कूटरमध्ये उलटं, पिस्टन वरखाली होतो आणि क्रँक ते फिरण्यात बदलतो. साधा माग मिनिटाला १५० च्या आसपास फेऱ्या घेतो. त्याच्या क्रँकच्या हाताचा बुश घासला की आवाज पेठेच्या पलीकडे जातो आणि वडील तेलाची बुधली घेऊन उठतात. स्कूटर बेताच्या वेगात चालली तरी क्रँकच्या मिनिटाला ३००० फेऱ्या धरायला हरकत नाही, म्हणजे सेकंदाला ५०. जुन्या चेतकचा स्ट्रोक ५७ मिलिमीटर. एका फेरीत पिस्टन तेवढा वर आणि तेवढाच खाली जातो, म्हणून सेकंदाला सरासरी ५.७ मीटर धावतो आणि या धावेत १०० वेळा थांबून दिशा बदलतो. टू-स्ट्रोक असल्यानं प्रत्येक फेरीत एक स्फोट, तोही त्याच बोटभर पिनेवर. बुधली घेऊन कुणी येत नाही.

पिन झिजते ती मुळात कडक नसते म्हणून नाही. पिनेचा पृष्ठभाग आणि रॉडचं आतलं तोंड भट्टीत खास कडक केलेलं असतं. पण त्या कडक थरावर एक बारीकसा खड्डा पडला की रोलर प्रत्येक फेरीत त्याच्या काठावर आपटतो, काठ तुटतो, त्याची पूड रोलरखाली येते आणि पुढं सगळं भराभर होतं. पहिला खड्डा कशानं पडतो? घाईत ऑइल न टाकता पेट्रोल भरलं, एअर फिल्टर फाटका आणि रस्ता होटगी रोडचा, पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ, अशी कारणं सर्वांना माहीत आहेत. दोन कारणं मात्र कुणी धरत नाही.

एक, उतार. तुळजापूरहून परत येताना घाटात आपण थ्रॉटल बंद करून गिअरमध्येच गाडी सोडतो. चाक इंजिनाला जोरात फिरवत असतं, पण थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल जवळपास बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. उतारावर मधूनमधून थ्रॉटल थोडा पिळायचा, एवढंच करायचं असतं. दोन, उभी गाडी. चार महिने पार्किंगमध्ये, अंगावर जुनी सोलापुरी चादर टाकून ठेवलेली चेतक बघायला फार प्रेमाची वाटते, पण आत क्रँकच्या पेटीत हवेतला ओलावा बसत असतो आणि रोलर जिथं टेकलेत तिथं गंजाचे ठिपके उठतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून धरतं, त्यामुळे हे आणखी वाढतं. फार दिवस ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

आता आवाज. माझ्या मते यातच सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि ती मुद्दाम कुणी करतं असं नाही. ‘क्रँक गेला’ हे गॅरेजमधलं सगळ्यात सोपं निदान आहे. थंड इंजिनाला पिस्टनचा खटखटाट येतो, गरम झाला की कमी होतो. तो बोअर-पिस्टनचा, क्रँकचा नाही. रॉडच्या वरच्या टोकाची गजन पिन आणि बुश सैल असेल तर पातळ, पत्र्यासारखी टिकटिक येते. मुख्य बेरिंग गेलं तर ठोका नाही, घुर्र असा आवाज, वेगाबरोबर चढत जाणारा. मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक, हातानं वरखाली हलवून बघितलं तर हलतं. पिन-रॉडचा आवाज या सगळ्यांहून जड, बोदा. थ्रॉटल सोडताना आणि पुन्हा धरताना तो उठून ऐकू येतो, कारण तेव्हा रॉडवरचा दाब एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो.

आवाजावर विश्वास ठेवूनही थांबायचं नाही. हेड आणि ब्लॉक काढायचा, पिस्टन काढायचा. रॉडचं खालचं तोंड पेट्रोलनं धुऊन वाळवायचं, कारण ऑइलचा थर सैलपणा लपवतो. मग पिन अगदी वरच्या टोकाला आणून रॉड सरळ वर ओढायचा आणि सरळ खाली दाबायचा. बोटांना ‘टक’ लागली तर क्रँक खोलायचा, नाही लागली तर तसाच ठेवायचा. इथं लोक एक चूक हमखास करतात: रॉड डावी-उजवीकडे हलवतात आणि घाबरतात. तो तसा हलायलाच हवा. रॉडच्या दोन्ही बाजूंच्या वॉशरांजवळ पाव ते अर्धा मिलिमीटर फट ठेवलेली असते, नाही तर गरम झाल्यावर रॉड आवळेल. डुलणं वेगळं आणि ठोकणं वेगळं.

क्रँक काढायचा म्हणजे चेतकचं इंजिन खाली उतरवायचं आणि केस, म्हणजे क्रँकची पेटी, उभी फोडायची. तो भाग मिस्त्रींना तोंडपाठ असतो, त्यात मी शिरत नाही. फक्त मॅग्नेट पुलरनंच, म्हणजे ते ओढून काढायच्या हत्यारानंच, काढा. हातोडीनं काढलेलं मॅग्नेट बऱ्याचदा दांड्याचं टोक आणि आटे घेऊन बाहेर येतं, आणि मग दुरुस्ती पिनेची उरत नाही.

क्रँक हातात आला की पिनेआधी बाकीचं बघायचं, कारण किट आणायचं की नवा क्रँक, हे तिथं ठरतं. मॅग्नेटच्या बाजूचा निमुळता दांडा आणि त्यातली चावीची खाच फाटलेली नाही ना? दांड्याभोवतीचं रबरी ऑइल सील जिथं घासतं तिथं नखाला खोबण लागते का? बेरिंग बसायची जागा सैल झाली का? आणि चेतकच्या बाबतीत खास: एका चकतीचा बाहेरचा गोल काठ. या इंजिनात पेट्रोल आत घेण्याचं दार म्हणजे हीच चकती. काठाचा एक भाग कापलेला असतो, तो केसमधल्या तोंडासमोर आला की दार उघडं, भरलेला काठ आला की बंद. काठ आणि केस यांच्यात केसभरही जागा नसते. तिथं ओरखडे पडले असतील तर पिन कितीही चांगली घाला, दार गळतंच राहणार.

किटमध्ये रॉड, पिन, रोलरचा पिंजरा, दोन वॉशर असं येतं. नुसती पिन बदलून जुना रॉड ठेवायचा मोह होतो, पण रोलर पिन आणि रॉड दोन्हीवर चालतात, एकावरचे खड्डे दुसऱ्याला लगेच खातात.

अण्णांनी काम सुरू करताना आधी दोन्ही चकत्यांच्या काठांवर पट्टी धरून एक बारीक रेघ ओढली, आणि बाहेरून बाहेर रुंदी मोजून खडूनं प्रेसच्या खांबावर लिहिली. मग दोन चकत्यांच्या फटीत जाड, अर्धचंद्र कापलेल्या पट्ट्या सरकवल्या, अगदी पिनेला लागून, म्हणजे दाब चकती वाकवणार नाही. हायड्रॉलिक प्रेसचा दांडा दोन-तीन वेळा मारला आणि खाडकन आवाज झाला. मी दचकलो. ‘सुटली,’ अण्णा म्हणाले. पिन सुटताना बंदुकीसारखा आवाज येतो, तो चांगला. आवाज न येता सरकली तर भोक सैल असल्याची शंका घ्यायची. बाहेर आलेल्या पिनेवर एका बाजूला चंद्रकोरीएवढा करडा पट्टा होता, तांदळाच्या कण्या उडाव्यात तसे टवके गेलेले. बाकी सगळी पिन आरशासारखी. स्फोटाचा मार तेवढ्याच बाजूला बसतो.

भोक सैल निघालं तर काय करतात, हेही सांगून ठेवतो. पिनेवर पंच मारून उंचवटे उठवतात आणि ठोकून बसवतात. किंवा पिनेच्या टोकाला वेल्डिंगचा टाका मारतात. पहिलं काही दिवस टिकतं. दुसऱ्यानं पिनेचा कडकपणा उतरू शकतो आणि पुढच्या खेपेला क्रँक उघडता येत नाही. शर्यतीच्या गाड्यांना टाका मारतात हे खरं, पण ते नवा क्रँक सरळ करून मग मारतात, सैल भोक लपवायला नाही. सैल भोकाला एकच इलाज: त्या मापाची जाड पिन नीट ग्राइंड करून घालणारा माणूस शोधणं, नाही तर नवा क्रँक.

नवी पिन एका चकतीत सरळ दाबली, वॉशर, पिंजरा, रॉड, वॉशर चढवले, दुसरी चकती वर ठेवली. गुण्या काठांवर टेकवून उजेडाकडे बघितलं, थोडं दाबलं, पुन्हा गुण्या, पुन्हा दाबलं. फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून योग्य मापाला थांबले. एवढ्याला वीस मिनिटंही लागली नाहीत. मी पाकीट काढलं.

‘थांबा की ओ मालक, काम आत्ता सुरू झालंय.’

कारण असं की गुण्यानं कितीही बघितलं तरी दोन्ही बाजूंचे दांडे एका रेषेत आलेले नसतात. एक चकती पिनेभोवती किंचित पिळलेली असते, किंवा दोन्ही चकत्या पिनेसमोरच्या बाजूला किंचित उघडलेल्या नाही तर मिटलेल्या असतात. डोळ्याला हे दिसत नाही. क्रँक लेथच्या दोन टोकदार सेंटरांमध्ये धरला आणि दोन्ही दांड्यांवर, बेरिंग जिथं बसतं तिथं, एकेक डायल गेज, म्हणजे बारीक हलणं सुईनं दाखवणारं मापक, टेकवला. अण्णांनी क्रँक एका बोटानं हळूहळू फिरवला. डावी सुई बारा घरं हलून परत आली, उजवी सात.

एक घर म्हणजे शतांश मिलिमीटर. सुई एकूण ०.१२ हलली म्हणजे मध्य ०.०६ नं सरकलेला, कारण सुई उंचवटा आणि खळगा दोन्ही मोजते. हवं किती? ०.०३ च्या आत. ०.०५ च्या वर असेल तर गाडीत घालायचा नाही. माणसाचा केस साधारण ०.०७ असतो, म्हणजे हा सगळा खेळ अर्ध्या केसाचा, अण्णांच्या भाषेत एक थाऊचा.

मग सुरू झालं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. सुई सगळ्यात वर जाते ती जागा पिनेच्या रेषेत आहे की आडवी, हे खडूनं खूण करून बघायचं. आडवी असेल तर चकत्या पिळल्यात: क्रँक सेंटरांतून काढायचा, एक चकती हातात धरायची आणि दुसरीच्या काठावर तांब्याच्या हातोडीचा एक ठोका. पिनेच्या रेषेत असेल तर चकत्या उघडल्यात किंवा मिटल्यात: उघडल्या असतील तर व्हाइसमध्ये आवळायच्या, मिटल्या असतील तर फटीत पाचर घालून किंचित फाकवायच्या. ठोकायचं चकतीवर, दांड्यावर किंवा रॉडवर कधीच नाही. आणि प्रत्येक ठोक्यानंतर परत सेंटरांमध्ये, परत सुई. बारा घरांची नऊ झाली. नऊची पाच. पाचची एकदम आठ झाली, तेव्हा अण्णांनी तेलुगूत काहीतरी पुटपुटत चहाचा ग्लास बाजूला सरकवला. पाऊण तास गेला. शेवटी डावीकडे दोन घरं, उजवीकडे दीड.

या पाऊण तासाची मजुरी लोकांना जड वाटते, कारण त्यात नवीन काही बसवलेलं दिसत नाही. मला विचाराल तर दुरुस्ती तीच. पिन घालणं हे प्रेसचं काम. क्रँक कुठं करायचा हे ठरवताना दुकानात डायल गेज आहे का, एवढं विचारा. ‘आम्ही नजरेनं करतो’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. बाजारातला नवा क्रँकसुद्धा बसवण्याआधी सेंटरांमध्ये फिरवून घ्या, नवा म्हणजे सरळ असतोच असं नाही.

सरळ केलेला क्रँक वाकडा करायला मात्र एक मिनिट पुरतं, आणि हे मी पैसे मोजून शिकलोय. याच गाडीचं किट आधी एकदा घातलं होतं, दुसरीकडे, पण त्यात काय करतात हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तिथंही प्रेस आणि डायल होता, काम चांगलं झालं. पण इंजिन जोडणाऱ्या गॅरेजमध्ये क्रँक बेरिंगमध्ये जाईना म्हणून दांड्याच्या टोकावर लाकूड ठेवून हातोडा घातला. मी तिथंच उभा होतो, काही बोललो नाही. दोन महिन्यांत हँडल मुंग्या आल्यासारखं थरथरायला लागलं, मॅग्नेट आत कॉइलला घासायला लागलं. पुढं मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील गेलं. ते गेलं की इंजिन तिथून जास्तीची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस होते आणि तापते. मेच्या उन्हात सात रस्त्याला पिस्टन सिझ झाला, म्हणजे सिलिंडरात जाम झाला, गाडी ढकलत घरी आणली. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर वेगळी तऱ्हा: गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि मागं पांढऱ्या धुराचा लोट.

बेरिंग ठोकून बसवायचं नसतं, केस गरम करायची असते. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं. केस १०० अंशांच्या आसपास गरम केली की बेरिंग स्वतःहून घरात उतरतं. मी क्रँक रात्रभर फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवला, शेंगापोळीच्या डब्याशेजारी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि बसवताना बेरिंगची आतली कडी गरम करून घेतली. बायको त्यावर काय म्हणाली ते लिहीत नाही. सकाळी क्रँक दोन हातांनी दाबून आत गेला, ठोका एकही नाही. एवढं उघडलंच आहे तर दोन्ही मुख्य बेरिंगं आणि दोन्ही सील नवीच घाला. जोडण्याआधी रॉडच्या तोंडाला असलेल्या फटींमधून रोलरवर टू-टी ऑइल सोडा, कारण पहिल्या काही फेऱ्यांना पेट्रोलमधून ऑइल पोचलेलं नसतं.

पहिले ५०० किलोमीटर लिटरला २० ऐवजी थोडं जास्त ऑइल घातलं, धूर सहन केला, फुल थ्रॉटल पिळला नाही. मॅग्नेटचं झाकण लावण्याआधी गाडी चालू करून टॉर्चच्या उजेडात बघितलं. आधी त्या चाकाची कड धूसर दिसायची, आता फिरताना रेघेसारखी दिसत होती.

जुनी पिन अण्णांनी परत दिली नाही. त्यांच्या गाळ्यात खिडकीत अशा पिनांची रांग आहे, प्रत्येकीवर त्याच बाजूला तोच करडा पट्टा. नवीन गिऱ्हाईक ‘ग्राइंड करून द्या’ म्हणत आलं की त्यातली एक हातात देतात.